सात काचा, तीन काचा

तुम्ही फोटो बघितलेच नाहीत. निवड समितीचे तुम्ही चौघे. फोटोंचं पाकीट टेबलावर होतं, पण तुम्ही फक्त अर्ज वाचलात. त्यातला ‘कॅमेरा व लेन्स’ हा रकाना वाचलात आणि शेरा मारलात: ‘लेन्स हलक्या दर्जाची, अपात्र.’ पाकीट परत आलं तेव्हा चिकटपट्टी जशीच्या तशी होती. निदान उघडून पुन्हा चिकटवायची. तेवढं नाटक करायचाही तुम्हाला आळस.

ज्या बाईचं ते पाकीट, ती घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ चालवते. ओळखपत्रांचे फोटो, तान्ह्या पोरांचे फोटो. ब्रशचा जुना कारखाना पाडायचा ठरलाय आणि पाडण्याआधी तिथल्या माणसांचे, त्यांच्या हातातल्या कामाचे फोटो फिल्मवर काढून ठेवायचे, ही कल्पना तुमचीच. कल्पना चांगली आहे, ते नाकारत नाही. ते काम तिला हवं होतं. कुणी न सांगता वर्षभर ती त्या कारखान्यात जात होती. आता ते काम दुसऱ्या कुणाला मिळणार, आणि जिने तिथल्या एकेका बाईचा हात ओळखून ठेवलाय ती फाटकाबाहेर उभी राहणार.

शेरा वाचून दुसरं कुणी थयथयाट केला असता. हिच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा शिरला. खरंच हलकी असेल तर? लेन्सचा फरक फोटोत दिसतो, की नुसता कागदावर दिसतो? हे तिने कधी पडताळून बघितलंच नव्हतं. तिच्याकडे एकच कॅमेरा, तुलना करणार कशाशी?

ती उठली आणि थेट धाकट्या दिराच्या दवाखान्यात गेली. दीर दातांचा डॉक्टर, आणि कॅमेऱ्यांचा वेडा. त्याच्या कपाटात एक कॅमेरा आहे, ज्याचं नाव घेताना तो आपोआप आवाज खाली आणतो.

“वहिनी, खरं सांगू? राग मानू नका.”

“राग मानायचा की नाही ते ऐकून ठरवते.”

“तुमच्या लेन्समध्ये काचा तीन. माझ्या लेन्समध्ये सात. आता तुम्हीच हिशेब करा.”

“भाऊजी, तुमच्याकडे येणारी माणसं बत्तीस दात घेऊन येतात, तरी रडतच येतात ना?”

खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट हसायला गेला आणि त्याला ठसका लागला.

“तुमचा कॅमेरा एक दिवस द्या,” ती म्हणाली. “दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघू.”

तिने जणू मूत्रपिंड मागितलं, असा चेहरा झाला भाऊजींचा. “देतो. पण मी बरोबर येणार, आणि पट्टा माझ्याच गळ्यात राहणार. पण काय हो, हरलात तर?”

“हरले तर अर्जावर पाणी सोडते. समितीला जाऊन सांगते, तुमचं बरोबर होतं म्हणून.”

बोलून गेली खरी, पण घरी येऊन तिने तो शेरा पुन्हा एकदा वाचला.

दोन्ही कॅमेऱ्यांना फिल्म तीच लागते, रुंद पट्टीची. फोटो दोघांचाही चौरस, सहा सेंटीमीटरचा. बाकी सगळा स्वभाव वेगळा. तिचा कॅमेरा म्हणजे एकावर एक दोन लेन्स बसवलेला डबा: वरच्या लेन्समधून बघायचं, खालची फोटो घेते. मान खाली घालून बघावं लागतं आणि डावं ते उजवीकडे दिसतं. फोटो घेताना आवाज म्हणाल तर जीभ टाळ्याला लागावी इतकाच. भाऊजींच्या कॅमेऱ्यात लेन्स एकच, बघायला तीच आणि फोटोलाही तीच, मागे आरसा. बटण दाबलं की आरसा उडतो आणि असा खटॅक आवाज होतो की झोपलेलं मांजर घर सोडून जाईल.

कारखान्यात ब्रशवाल्या मावशी आपल्या बाकावर होत्या. लाकडी पाठीच्या भोकांत तंतूंचे झुबके तारेने ओढून बसवायचे, हे त्यांचं काम. तिने मुद्दाम तेच निवडलं. एकेक तंतू सुटा दिसतोय का, यापेक्षा कडक परीक्षा लेन्सची दुसरी नसते.

“अगं बाई, आज दोन-दोन कॅमेरे?” मावशी म्हणाल्या.

“यातला चांगला कोणता ते बघायचंय, मावशी.”

“मग परीक्षा माझ्या तोंडावर कशाला? त्या खुर्चीचा काढ. ती हलतही नाही.”

“खुर्चीला ब्रश बनवता येत नाहीत.”

“जरा हसा की, मावशी,” भाऊजी म्हणाले.

“तू दातांचा डॉक्टर ना रे? तुला काय बघायचंय ते कळलं मला,” असं म्हणून मावशींनी तोंड घट्ट मिटलं.

ट्रायपॉड एकच, जागा एकच, उजेड एकच. आधी एक कॅमेरा, मग दुसरा. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून फोटो झाले. मग ते बारीक करून, अकरा या आकड्यावर आणून झाले. शेवटी खिडकी मावशींच्या पाठीमागे घेऊन, उजेड थेट लेन्समध्ये येईल असे झाले.

दोन्ही फिल्म एकाच डब्यात, एकाच औषधात धुतल्या. न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद करून तिने प्रिंट काढले. एरवी ती प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने खूण करते. या वेळी केली नाही. आपलं लेकरू ओळखायला पाठीवर नाव कशाला लिहायचं, हा तोरा. सगळे प्रिंट पाण्याच्या एकाच घमेल्यात गरगर फिरले आणि कुठला कुणाचा ते कळेनासं झालं.

“उत्तम झालं,” भाऊजी हात चोळत म्हणाले. “आता कुणाला लबाडी करता येणार नाही.” त्यांनी दाढा तपासायचं भिंग काढलं.

खिडकी पाठीमागे असलेल्या जोडीला भिंगही लागलं नाही. एका फोटोत मावशींच्या केसांची बट न् बट दिसत होती, दुसऱ्यावर दुधाची साय धरली होती. साय तिचीच; समोरच्या उजेडाला तिची लेन्स बिचकते, हे तिला ठाऊक होतं. तिने मुकाट्याने मान हलवली. छिद्र पूर्ण उघडून काढलेल्या जोडीत एका फोटोचे कोपरे लोण्यासारखे विरघळले होते. तेही तिचेच. भाऊजींच्या चेहऱ्यावरचं समाधान तिला बघवेना.

मग अकरावरची जोडी आली. भिंग फिरलं. तंतू सुटे, दोन्हीकडे. तारेचा पीळ दिसतोय, दोन्हीकडे. कोपऱ्यातल्या खिळ्याचं डोकंसुद्धा दोन्हीकडे. फरक एकच: डावीकडच्या फोटोत मावशी सैल बसल्या होत्या, ओठाच्या कडेला हसू आलेलं. उजवीकडे ताठ, घट्ट.

“डावा माझा,” ती ताबडतोब म्हणाली. “माझ्या कॅमेऱ्यासमोर माणूस मोकळा होतो. भाऊजींच्या खटॅकने कोण हसणार?”

“डावा वहिनींचाच,” भाऊजी म्हणाले. “उजवीकडे बघा ना, काय भरीवपणा! ते सात काचांचं काम.”

जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. तिने निगेटिव्ह उजेडासमोर धरल्या. भाऊजींच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या कडेला दोन बारीक खाचा उमटतात, तिच्यात नाही. हसऱ्या मावशींच्या कडेला खाचा होत्या.

दोघंही चुकले होते. धडधडीत, छातीठोकपणे.

भाऊजींनी निगेटिव्ह स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा बघितल्या. मग म्हणाले, “त्या भरीवपणाचं काय झालं?”

“आणि माझ्या मोकळेपणाचं?” ती म्हणाली आणि हसत सुटली. संध्याकाळी तिने मावशींना गाठून विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, “अगं, त्या वेळेला तुम्ही दोघं ट्रायपॉडच्या पायावरून भांडत होतात. मजा वाटली.” हसू कुठल्याच काचेचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तुमच्यासमोर उभी राहिली. भाऊजीही आले, दवाखाना बंद ठेवून. फेरविचाराची पद्धत नाही, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणालंच. तिने लक्ष दिलं नाही. आधी तिने सायीचा फोटो टेबलावर ठेवला.

“हा माझ्या लेन्सचा. खिडकी समोर असली की ती मार खाते. छिद्र पूर्ण उघडलं तरी खाते. हे मी मान्य करते. म्हणून कारखान्यात मी खिडकीकडे पाठ करून उभी राहते आणि छिद्र अकरावर ठेवते. या फोटोंसाठी ट्रायपॉड आहे, वेळ आहे, घाई नाही.”

मग तिने अकरावरची जोडी मांडली. तुमच्यातला एक जण फोटो उलटून मागे बघायला लागला.

“मागे काही लिहिलेलं नाही,” भाऊजी म्हणाले. “मी बघितलंय.”

“मी हे दोन फोटो भिंग घेऊन बघितले आणि चुकले,” ती म्हणाली. “सात काचांचे मालक हे माझे दीर, तेही भिंग घेऊन चुकले. तुम्ही पाकीट न उघडता बरोबर ओळखलंत, हलकी लेन्स म्हणून. आता पाकीट उघडं आहे, उजेड चांगला आहे, भिंगही आणलंय. यातला हलका कोणता? बोट ठेवा. ठेवता येत नसेल तर सांगा, माझा अर्ज कशावरून फेकलात?”