नटवीच्या मागं

"शेळी विकायची नाही," म्हातारी म्हणाली आणि चुलीत फुंकर घालू लागली.

"आई, रोज सुटते ती. आबा भर उन्हात माळावर धावतात तिच्यामागं. कुठं पडले म्हणजे?"

"पडले तर उठतील."

"मग मेंढरं कशाला विकली आपण? त्यांनी बसून खावं म्हणूनच ना?"

पोराचं चुकत नव्हतं. जन्मभर कळपामागं फिरलेल्या बापाला त्यानं मायेनं खाटेवर बसवलं होतं. पाणी हातात, ताट पुढ्यात. पण बसल्या जागी म्हातारा आतून खंगत चालला. पायांवर सूज चढली. घोट्यावर बोट दाबलं की पडलेला खळगा लवकर भरून येईना. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना. म्हातारा म्हणाला, "कामाशिवाय माळावर हिंडायला मी काय येडा आहे?"

तेव्हापासून दुधापुरती ठेवलेली एकुलती शेळी, नटवी, रोज दुपारी सुटू लागली. तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत म्हातारा माळ चढायचा. घामेजून परतायचा, पोटभर जेवायचा. सूज ओसरत होती.

"उद्या गिऱ्हाईक येतंय," पोरगा म्हणाला.

म्हातारीनं हात टेकले. "अरे, ती सुटत नाही. मीच सोडते."

दाराआडची खाट करकरली.

"म्हणजे शेळीला नाही," आतून म्हातारा सावकाश बोलला, "मला चारायला सोडत होतीस."

शेळी राहिली; म्हातारा मात्र उठेना. भिंतीकडे तोंड करून पडायचा. पाय पुन्हा टरारले. एका दुपारी म्हातारीनं त्याच्या डोळ्यांदेखत दावं सोडलं.

"अहो, नटवी निघाली बघा."

"तू सोडलीस, तू आण."

म्हातारी निघाली. पोरगा कामावर होता. अर्ध्या चढावर तिचे गुडघे बोलू लागले, तशी ती दगडावर टेकली. मागून काठी वाजली. म्हातारा धापा टाकत वर आला.

"गुडघे धड नाहीत, आणि निघाली शेळ्या वळायला."

ती उठू लागली.

"वर बोरीपाशी असेल ती. बस इथंच."

तो पुढं गेला. थोडं चालायचा, काठीवर भार टाकून थांबायचा, छातीवर हात ठेवायचा. मागं वळून मात्र बघत नव्हता. परत फिरा म्हणून हाक मारावी, असं म्हातारीच्या फार मनात आलं. ओठ घट्ट मिटून ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.