लग्नापुरते केस

त्या घराच्या दिवाणखान्यात, दारातून आत येणाऱ्याची नजर आधी जिथे जाईल अशा जागी, मुलाचा एक फोटो टांगलेला होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला. दाट काळे केस, डावीकडे भांग, कपाळावर मुद्दाम सोडलेली एक बट. मुलगा आता चाळिशीला टेकला होता आणि कानांच्या वर उरलेल्या झालरीखेरीज त्यातलं काही शिल्लक नव्हतं. हे त्याची आई सोडून सगळ्यांना दिसत होतं. आईच्या मते केस ‘जरा विरळ’ झाले होते.

दोष अर्थातच नवऱ्याच्या घराण्याचा. “आमच्याकडे नाही हो कुणाला,” ती सांगायची. तेव्हा तिचा सख्खा भाऊ, मुलाचा मामा, बहुधा समोरच बसलेला असायचा आणि त्याच्या डोक्यावर खिडकीचा उजेड चकाकत असायचा. मामा चहाचा घोट घेत मान डोलवायचा. बहिणीच्या घरचा चहा चांगला असतो, तो वादात कशाला घालवा?

स्थळं याच फोटोवर येत. फोटो पसंत पडायचा, मग मुलगा खोलीत यायचा, आणि पाहुण्यांना अचानक घरी लवकर जायचं असल्याचं आठवायचं. अशी कित्येक वर्षं गेली.

जिच्याशी शेवटी ठरलं तिने फोटो पाहिलाच नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. हा नंबर वाढला म्हणून गेला, यंत्रावर हनुवटी टेकवून बसला, आणि पुढच्या काही महिन्यांत त्याचा नंबर संशयास्पद वेगाने बदलू लागला. तिने एकदा सरळ विचारलं, “तुम्ही अक्षरं बघायला येता, की मला?” त्याने खरं सांगितलं. लग्न ठरलं.

ठरल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. तिचं आधी एक लग्न मोडलं होतं. त्या गृहस्थाची नोकरी गेली होती, तरी तो रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि बागेत बसून जेवायचा.

“तेव्हापासून झाकलेलं मला सहन होत नाही,” ती म्हणाली. “तुमचं मला काय आवडलं, सांगू? तुम्ही ते उरलेले केस आडवे फिरवत नाही. लग्नाच्या दिवशी जसे आहात तसे या. बाकी तुमच्या घरच्यांचं सगळं ऐकेन. हे एवढं झालं नाही, तर मात्र मी रजिस्टरवर सही करणार नाही.”

“येईन,” तो म्हणाला. आयुष्यभर सगळ्यांना हो म्हणण्याची सवय असल्याने त्याला हे जड गेलं नाही.

त्या घरात निर्णय आई आणि ताई घेत. ताई म्हणजे थोरली बहीण. ती लग्न होऊन समोरच्याच इमारतीत राहायला गेली होती, म्हणजे गेलीच नव्हती. ज्याच्याबद्दल निर्णय असेल त्याला तो संध्याकाळच्या चहाला कळवला जाई.

“तुला लग्नापुरते केस लावायचेत,” आईने कळवलं.

“अगं, पण मी तिला सांगितलंय...”

“तिला काय कळतंय? लग्नाआधी बायका असंच बोलतात. मी नाही का तुझ्या बाबांना म्हटलं होतं, घोरलात तरी चालेल?”

“आणि अल्बम जन्मभर राहतो,” ताई म्हणाली. “माझ्या सासरचे काय म्हणतील, हा विचार कर जरा.”

त्याने विचार केला. म्हणजे चहा संपवला.

फोटो भिंतीवरून उतरवून, टॉवेलात गुंडाळून, तिघं केसांच्या दुकानात गेली. तिथल्या माणसाला न्हावी म्हटलेलं चालत नसे. तो स्वतःला आर्टिस्ट म्हणवून घेई आणि गिऱ्हाइकाकडे न बघता आरशातल्या गिऱ्हाइकाकडे बघून बोले. त्याने फोटो दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि म्हणाला, “मला हा माणूस परत आणायचाय.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला परत आणायचं होतं तो शेजारीच खुर्चीत गळ्याला कापड बांधून बसला होता.

नमुन्यांचे ट्रे आले. ताई एकेक झुपका फोटोवर धरून रंग जुळवू लागली. आर्टिस्टने वयाला शोभतील असे थोडे पांढरे मिसळू का, असं विचारलं. फोटोत पांढरे नाहीत, असं उत्तर मिळालं. काळाभोर पॅच, म्हणजे जाळीवर विणलेले केस, ठरला. तो डोक्यावर धरून पाहताच लक्षात आलं की खालच्या मिशा करड्या दिसतात. मिशा रंगवायचं ठरलं. मिशा काळ्या झाल्या तर भुवया फिक्या पडणार होत्या, म्हणून भुवयाही. पापण्यांपाशी आर्टिस्ट स्वतःच थांबला.

“आणि निघणार तर नाही ना?” आईने विचारलं.

“पोहा, पळा, वादळात उभे राहा. महिनाभर हलणार नाही. चिकटवणारा मी आणि काढणाराही मीच.”

लग्नाच्या सकाळी दुकानातच पॅच चिकटला आणि मिरवणूक सभागृहाच्या मागच्या खोलीत आली. बट नीट सोडायला आर्टिस्ट आपली पेटी घेऊन बरोबर होता. मामाने भाच्याला पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि विचारलं, “आमचा कुठाय?”

“दादा, आज तरी गप्प बस,” आई म्हणाली.

नवरदेवाच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. जुन्या चष्म्याच्या दांड्या नव्या केसांत अडकत होत्या म्हणून ताईने तो घरीच ठेवला होता. त्यामुळे दार उघडून कोणी आत आलं, तेव्हा त्याला फक्त एक लाल धूसर आकृती दिसली.

ती नवरी होती. हातात चष्म्याची डबी. लग्नासाठी नवीन चष्मा तिने स्वतः करवून घेतला होता, त्याच्या कपाळाकडे आणि कानांकडे बघून फ्रेम निवडली होती. तिने खोलीभर नजर फिरवली आणि दाराजवळ उभ्या असलेल्या, काळ्या केसांच्या माणसापुढे डबी धरली.

“तुम्ही त्यांचे भाऊ ना? त्यांना एवढं द्याल का?”

आर्टिस्टच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतकी सरळ पावती त्याला आजवर मिळाली नव्हती.

“मीच आहे,” नवरदेव म्हणाला.

आवाज तिने ओळखला. तिने डबी उघडली, चष्मा त्याच्या नाकावर चढवला, दुकानात करायची तसं दोन्ही बाजूंनी बसतो का ते पाहिलं. मग काढून परत डबीत ठेवला.

“हा चष्मा त्यांच्या चेहऱ्याचा आहे,” ती शांतपणे म्हणाली. “ते आले की बाहेर पाठवा. पाहुणे आहेत तोवर मी बसलेय.”

दार लागलं. आई म्हणाली, “रुसलीय. बसेल पाच मिनिटं आणि येईल सरळ.”

“ती नाही येणार,” मामा म्हणाला. “तुम्ही मायलेकींनी त्याच्याच केसाने त्याचा गळा कापलात. आणि केसही त्याचा नाही.”

“काढा हे,” नवरदेव आर्टिस्टला म्हणाला.

“आत्ता? त्याचं औषध दुकानात आहे. तुमचं काम झाल्यावर ते दिवसभरासाठी बंद केलंय. आणि महिन्याआधी मी काढत नाही, कामाचा अपमान होतो.”

नवरदेवाने पेटीतलं केस कापायचं मशीन उचललं, बाथरूममध्ये गेला आणि कडी लावून घेतली. आयुष्यातलं पहिलं बंड त्याने कडीच्या आड केलं. ते कुणाच्या डोळ्यांत बघून करण्याइतकी मजल अजून गेली नव्हती. आतून मशीनचा घरघराट आला. ताईने दार ठोठावलं. आईने दाराला तोंड लावून सांगितलं, “भांग तरी ठेव रे.”

तो बाहेर आला तेव्हा आधीच्या दोन्ही रूपांपेक्षा वाईट दिसत होता. केस गेले होते, पण डिंकाने धरलेले काळे खुंट आणि जाळीचे तुकडे अर्धवट खुरपलेल्या हिरवळीसारखे डोक्यावर उरले होते. मिशा आणि भुवया शाईत बुडवल्यासारख्या तशाच होत्या. त्याला पाहून आर्टिस्ट खुर्चीत बसला आणि त्याने पाणी मागितलं. ते कुणी दिलं नाही.

नवरदेव तसाच सभागृहात गेला. पाहुण्यांच्या रांगांमधून, नोंदणीच्या टेबलापर्यंत. नवरी मान खाली घालून डबीशी चाळा करत होती. तिने वर पाहिलं. ओठ दाबून धरायचा तिने प्रयत्न केला, तो टिकला नाही. ती हसत सुटली, कमरेत वाकून, आणि हात वर करून त्याच्या टाळूवरचा जाळीचा एक तुकडा चिमटीत पकडला. तो निघेना. मग ती आणखी हसली. त्याच क्षणी फ्लॅश उडाला.

“झाकलेलं काही राहिलंय का?” तिने विचारलं.

“भुवया,” तो म्हणाला. “त्या रंगवल्यात.”

तिने त्याला चष्मा घातला आणि पेन उचलून सही केली. पहिल्या रांगेत बसलेली आई तेवढा वेळ फुलदाणीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच फोटोग्राफरला भेटून आली. संगणकावर काय वाट्टेल ते होतं, असं तिने ऐकलं होतं आणि ते खरं निघालं. दिवाणखान्यातला जुना फोटो उतरला. त्या खिळ्यावर आता लग्नाचा फोटो आहे. नवरदेवाला दाट काळे केस आहेत, डावीकडे भांग, कपाळावर बट. फोटोग्राफर सढळ हाताचा असल्याने मागे उभ्या मामालाही केस मिळाले आहेत. मामाने एक प्रत मागून नेली.

नवरी मात्र वाकून हसते आहे. तिचा हात त्या सुंदर केसांत घुसलेला आहे आणि चिमटीत काहीच नाही. वेगळ्या बिऱ्हाडातून सून सासरी आली की मुद्दाम त्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसते.

येणारे-जाणारे फोटो पाहतात आणि हटकून विचारतात, “इतकं काय झालं होतं हसायला?”

“स्वभावच हसरा आहे तिचा,” आई म्हणते आणि चहा टाकायला आत जाते.