जावईबापूंचा वेगळा दर

मशीनवर बसण्याआधी सासूबाई धागे कापायच्या कात्रीने हृदयाची गोळी मधोमध कापत. अर्धी तोंडात, अर्धी बटणांच्या डबीत, उद्यासाठी. डॉक्टरांनी रोज एक सांगितली होती. अर्धीवर जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येई, भीतीही वाटे. पण करता काय? इथे सोन्याच्या भावाने मिळणारी तीच गोळी सीमेपलीकडच्या बहिणीला कवडीमोलाने मिळत होती; तिकडून मागवायला मात्र बंदी. आणि ती बनवणाऱ्या कंपनीत भाव ठरवायला बसले होते कोण, तर साक्षात जावईबापू!

रविवारी जेवताना त्यांनी मोठ्या हौसेने समजावलं होतं. प्रत्येक देशाकडून त्याच्या ऐपतीप्रमाणे घ्यायचं. संशोधनाचा खर्च कुणीतरी भरायलाच हवा ना! सासूबाईंनी कान देऊन ऐकलं आणि मनाशी खूणगाठ बांधली.

आज जावईबापू नवी पँट घालून आले, चार बोटं लांब. तासाभरात नव्या दरांची मीटिंग. पँट सासूबाईंच्या हाती देऊन ते अस्तराचं कापड गुंडाळून उभे राहिले.

“किती द्यायचे, आई?” त्यांनी उगाच विचारायचं म्हणून विचारलं.

सासूबाईंनी असा आकडा सांगितला की अस्तर सुटता सुटता राहिलं.

“अहो, खालच्या रखवालदाराला तर एका चहावर करून देता!”

“त्याची ऐपत चहाची. शिवाय शिकताना मी सात पँटी बिघडवल्या. तो खर्च कुणीतरी भरायलाच हवा ना?”

“मग कोपऱ्यावरच्या टेलरकडे जातो.”

“बाहेरून करून आणायला बंदी आहे. आणि जाणार कसे, असे?”

“हात टेकले तुमच्यापुढे!” जावईबापू हसले. “पण देशाची ऐपत बघावीच लागते हो.”

“देशाची बघा की. गोळी मी विकत घेते.”

मशीन थोडा वेळ खडखडलं. जावईबापूंनी पँट चढवली. डावा पाय झकास, उजवा फरशीवर लोळतोय.

“आई, एकच पाय झाला!”

“अर्ध्यावर भागवा. मी भागवतेच.” सासूबाईंनी बटणांची डबी पुढे सरकवली.

अर्धी गोळी बघून जावईबापूंचं हसू पार मावळलं. “कधीपासून?”

“भाव वाढवलात म्हणून तुम्हाला बढती मिळाली ना? त्या महिन्यापासून. आणा तो दुसरा पाय, उशीर होईल.”

जावईबापूंनी पाय पुढे केला नाही. अर्धी गोळी सासूबाईंच्या हातावर ठेवून ते पाणी आणायला निघाले, उजवा पाय घोळवत.

“आणि उद्याची?” सासूबाईंनी मागून विचारलं.