चार दिवस घंटी नाही

गुरुवारी सकाळी साडेआठला सुमंगला हेब्बारच्या मनात पाल चुकचुकली. ऐन श्रावण, आणि सोमवारपासून देवळाच्या कचेरीत एकाही शाश्वत सेवेची घंटी वाजली नव्हती.

शाश्वत सेवा म्हणजे घरच्यांनी एकदा नाव नोंदवायचं आणि देवळाने दरवर्षी त्या तिथीला पूजा करायची. युगादीचा पाडवा आला की सुमंगला पंचांग मांडीवर घेऊन वर्षभराच्या तारखा मेलच्या प्रोग्राममधल्या कॅलेंडरात भरायची. साडेसातला घंटी वाजली, नाव झळकलं, की भटांना चिठ्ठी. पूजा आटोपली की त्या घरी फोन. कॅलेंडर उघडून बघायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

रविवारी कॉम्प्युटर बदलला. माहिती नव्यावर आणली तेव्हा तिने नावं डोळ्यांखालून घातली होती, सगळी जागच्या जागी होती. मग घंटी का नाही? तिने आवाज वाढवला. उठून खिडकीशी गेली, परत येऊन बसली. न्याहारीचा बन्स तसाच बशीत पडला होता.

"नसेल कुणाची सेवा, अक्का," व्यवस्थापक उपाध्य कॉफी ओतत म्हणाले. "देवीलाही जरा विश्रांती."

तिने कॅलेंडर उघडलं. तीन दिवसांत सात नावं होती. सातही पूजा राहिल्या होत्या आणि तिथी उलटून गेल्या होत्या. आजची दोन होती, त्यांची चिठ्ठी तिने आधी पळत जाऊन भटांच्या हातात दिली.

मग मंगळूरच्या दिनेश कोट्यानला फोन लावला. नवा कॉम्प्युटर त्यानेच बसवला होता. त्याने दहा प्रश्न विचारले. आवाज चालू आहे का, आठवण देणाऱ्या सूचना बंद तर केल्या नाहीत ना. सुमंगला प्रत्येक उत्तराला पदराचं टोक पिळत होती. शेवटी त्याने विचारलं, डावीकडे कॅलेंडरं किती दिसतात? दोन दिसत होती. वरचं कोरं होतं, आणि जुन्या कॉम्प्युटरवरून आलेली सगळी नावं खालच्यात होती.

"मग वाजणार कशी?" दिनेश म्हणाला. "घंटी फक्त मुख्य कॅलेंडरची वाजते, बाकीची नुसती दिसतात. नावं वरच्यात न्या आणि प्रोग्राम बंद करून चालू करा."

तिने तसं केलं. घंटी वाजली आणि आजची दोन आणि चुकलेली सातही नावं एकदम समोर उभी राहिली. उपाध्यांनी मान पुढे केली.

"ते खालचं 'सगळी काढा' बटण दाबा की. एका फटक्यात सगळी जातील."

"जातील, म्हणूनच नको," ती म्हणाली. तिला त्यांचा मनापासून राग आला.

एकेक नाव घेऊन ती फोन करत गेली. एकाने झाडलं. एकाला आपल्या आजोबांची सेवा असते हेच ठाऊक नव्हतं. कारकळच्या नागवेणीअम्मांचा फोन मात्र ती मागे ढकलत राहिली. अम्मांचं वय त्र्याऐंशी. मुलगा मुरली जहाजावर गेला तो परतलाच नाही, त्याच्या जन्मतिथीची पूजा मंगळवारी व्हायची होती. त्या माउलीला काय सांगायचं? शेवटी जीव मुठीत धरून तिने नंबर लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.



"म्हणजे मंगळवारच होता?" अम्मांनी विचारलं.

"होय, अम्मा. आमच्याकडून राहिलं. माफ करा."

"मी पायस करून फोनपाशी बसले होते. फोन आला नाही. म्हटलं, देवळाचं कसं चुकेल, माझंच डोकं गेलं. आता पोराचा दिवससुद्धा आठवेना. दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही मी." त्यांनी नाक ओढलं. "बरं झालं, पोरी, तुमचंच चुकलं."