मुलाखतीतली साखर

गोराटा मोस्वेऊ जिल्हा परिषदेच्या आस्थापना विभागात शिकाऊ म्हणून लागली, तेव्हा तिच्या आईने सगळ्या वस्तीत सांगून टाकलं की आमची पोर सरकारात माणसं नेमते. दोन वर्षांत गोराटाने माणूस एकही नेमला नाही. मात्र कुणाला कडक चहा लागतो आणि कुणाला दूध जास्त, हे तिला तोंडपाठ झालं. पदवी मनुष्यबळ व्यवस्थापनाची. त्यातलं मनुष्यबळ म्हणजे आपलेच दोन हात, हे विद्यापीठात कुणी सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

आता शिकाऊ मुदत संपत आली होती. बोत्स्वानात असे पदवीधर शिकाऊ पैशाला पासरी, त्यामुळे मुदत संपली की मामाच्या गुरांच्या तळावर जाणं आलं. मामाने तर आधीच निरोप धाडला होता की ये, शेळ्यांचीही हजेरी घ्यावी लागते. नेमकी त्याच वेळी विभागात एक कायमची जागा निघाली आणि गोराटाने अर्ज केला.

मुलाखतींची तयारीही तिच्याच गळ्यात पडली. तिने खुर्च्या मांडल्या, पाणी भरलं, मैद्याच्या गोळ्यांच्या गरम माग्विन्या तळून आणवल्या. बाकावर बसलेल्या उमेदवारांना, म्हणजे स्वतःच्याच प्रतिस्पर्ध्यांना, घाबरू नका म्हणून धीर दिला. एकाचा टायसुद्धा नीट करून दिला. तिला तो टायमध्ये फार छान दिसला, हे तिचं आणखी एक दुर्दैव.

आतून घंटी वाजली. गोराटा यादीत बघून खणखणीत ओरडली, "गोराटा मोस्वेऊ!"

कुणीच उठलं नाही. तिने वैतागून पुन्हा पुकारलं.

"आली नाही वाटतं," बाकावरची एक जाडजूड बाई म्हणाली. "बरं झालं, एक कमी."

"लोकांना नोकरीची किंमतच नाही, म्मा," गोराटा म्हणाली आणि मग तिने जीभ चावली.

आत विभागप्रमुख म्मा दिकोले, म्हणजे दिकोलेबाई, आणि हिशेब खात्याचे रा मोदिसे, म्हणजे मोदिसेसाहेब, बसले होते. म्मा दिकोलेंनी जन्मात पहिल्यांदाच बघत असल्यासारखं तिला नाव विचारलं. मग इथल्या कामाचा काही अनुभव आहे का, असं विचारलं. गोराटाने या प्रश्नासाठी आठवडाभर आरशासमोर उत्तर घोकलं होतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात रा मोदिसे कप ढवळत म्हणाले, "पोरी, साखर संपली."

आणि गोराटा उठली. स्वयंपाकघरात जाऊन डब्यात चमचा घातल्यावर तिला कळलं की आपण आपल्याच मुलाखतीतून उठून आलोय. तिने कपाळावर हात मारला. हाताची साखर कपाळाला चिकटली.

ती डबा घेऊन धावत आली, तर म्मा दिकोले घड्याळ बघत होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. वेळ संपली, पण काळजी करू नकोस, तुला तर आम्ही ओळखतोच, असं त्या मायेने म्हणाल्या. "जा, पुढच्याला बोलाव."

डबा टेबलावर ठेवून ती व्हरांड्यात आली. तिला रडू येत होतं. राग रा मोदिसेंचा नव्हता, तिला न विचारता उठलेल्या स्वतःच्या पायांचा होता. टायवाला मुलगा उठायला लागला. तिने त्याला हाताने बसवलं.

"गोराटा मोस्वेऊ!"

"अगं, ती आली नाही ना?" जाडजूड बाई म्हणाली.

"आत्ताच आली, म्मा."

ती आत गेली, दार लावलं आणि उमेदवाराच्या खुर्चीवर टेकून बसली. रा मोदिसेंनी सवयीने कप पुढे केला.

"डबा तुमच्यासमोरच आहे, रा," गोराटा म्हणाली. "अनुभवाचं विचारत होतात ना, म्मा? सांगते."