सांबारवाली बाई

फोटोत मी हसते आहे, हातात पळी आहे आणि गॅसशेजारी लॅपटॉप उघडा आहे. लॅपटॉप गॅसला चिकटवून ठेवणारी बाई मी तरी आजवर पाहिलेली नाही. तो तिथे पेपरच्या वार्ताहराने ठेवला होता. वर मथळा होता, 'चूल सांभाळून ब्लॉग लिहिणारी वासुकी'. वासुकी मीच.

मी तंजावरात शाळेत गणित शिकवते आणि कालव्यांवर तमिळमध्ये ब्लॉग लिहिते. कुठली झडप गंजली, कुठे गाळ साचला, कुणी चारी, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणारा पाट, बुजवून दुकान काढलं, सगळं फोटोंसकट. त्या दिवसांत माझा जीव खात होती ती ओरत्तनाडू गावाजवळच्या एका मंगल कार्यालयाची भिंत. गाड्या लावायला जागा हवी म्हणून मालकाने ती थेट चारीत आडवी घातली होती. चारीच्या टोकाला गुरुराजमामांचं शेत. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांनी बोअरच्या पाण्यावर तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकला होता, पण लावणीला बोअर पुरणार नव्हती. धरणाचं पाणी सुटलं होतं, काही दिवसांत इकडे पोचणार होतं आणि भिंतीपाशी अडणार होतं. लावणी हुकली की तरवा गुरांपुढे टाकायचा.

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अर्ज देऊन झाले होते. म्हणून वार्ताहराचा फोन आला तेव्हा मला हर्षच झाला. भर उन्हात त्याला भिंतीपाशी नेलं. त्याने मान डोलावली, फोटो काढले, आणि घरी आल्यावर विचारलं, ब्लॉगमुळे स्वयंपाकाला उशीर होतो का. मग माझ्या नवऱ्याला, वरुणरावांना, विचारलं की परवानगी कशी दिलीत. वरुणराव म्हणाले, मी फक्त तिचा फोन चार्जिंगला लावतो. ते छापून आलं 'पतीची खंबीर साथ' असं. भिंतीचा एक शब्द नाही.

मामांनी पेपर पाहून फोन केला. "फोटो बरा आलाय गे. पाण्याचं कुठल्या पानावर हे?"

फोन ठेवून मी वार्ताहराला लावला. तो शांतपणे म्हणाला की त्याच्याकडे महिला पुरवणी आहे, कालवे दुसऱ्या पानावर जातात आणि ते पान त्याचं नाही. मी नंतर घरभर फिरत राहिले. वह्या तपासायला घेतल्या आणि एका मुलीचं बरोबर उत्तर चूक ठरवून बसले.

पेपर वाचून एका चॅनेलचा फोन आला. त्यांना नऊवारी नेसून केलेलं 'मराठ्यांचं सांबार' हवं होतं. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांत नऊवारी आता लग्नाकार्यापुरती उरली आहे आणि सांबार मी पंजाबी ड्रेसवर करते. मी नाही म्हणून फोन ठेवला. भांडी घासता घासता डोक्यात एक आलं आणि ओल्या हातानेच पुन्हा लावला. करते म्हटलं, पण मी सांगेन तिथे. त्यांना बहुधा नारळाची बाग डोळ्यांपुढे आली. लगेच हो म्हणाले.

नऊवारी नेसून मी कोरड्या चारीत चूल मांडली. मागे ती भिंत आणि तिच्यावर पिवळ्या रंगात कार्यालयाचं नाव. चॅनेलची हरिप्रिया विशीतली मुलगी, स्वभावाने गोड. तिला साडी खांद्यापासून पावलांपर्यंत दिसायला हवी होती, म्हणून तिने कॅमेरा पार मागे नेला. डाळ झाली, चिंच झाली. मग मी रिकामी कळशी उपडी धरली.

"आता पाणी घालायचं. पण ह्या चारीत आता पाणी येणार नाही. ह्या भिंतीनं ते अडणार आहे."

पुढचंही बोलले, मामांचं, तरव्याचं, अर्जांचं. हरिप्रियाने सगळं ऐकून घेतलं आणि गाडीतून पाण्याची बाटली आणून दिली. मॅडम, आता चव घेऊन एकदा हसा, म्हणाली. मी हसले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

कार्यक्रम लागला तेव्हा कळशीपासून बाटलीपर्यंतचं सारं कापलेलं होतं. मी टीव्ही बंद केला. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा म्हणतात, इथे मी बडगाच नेला होता आणि त्यांनी तूप तेवढं दाखवलं. तेवढ्यात मामांचा फोन. मी आधीच सांगून टाकलं की मामा, माझं बोलणं त्यांनी कापलं.

"बोलणं राहू दे गे. भिंत दिसली. सबंध, नावासकट."

पुन्हा टीव्ही लावून पाहिलं, कार्यक्रम अजून चालू होता. खरंच होतं. जवळून टिपलं असतं तर मी आणि पळी एवढंच आलं असतं. नऊवार मावायला कॅमेरा मागे गेला आणि भिंत आयती चौकटीत आली. चॅनेलने नेटवर टाकलेल्या व्हिडिओखाली लोक आधी हिंगाचं प्रमाण विचारत होते. मग कुणीतरी विचारलं, चारीत हे लग्नाचं मंडपम कसं बांधलं? मग तेच सगळे विचारू लागले. कार्यालयाचं नाव वाचायला कुणाला माझा ब्लॉग उघडावा लागला नाही. ज्या कचेरीत माझे अर्ज पडून होते, तिथूनच जेसीबी आला आणि भिंत पाडून गेला.

पाणी पोचलं त्या दिवशी मी मामांच्या शेतात होते. वार्ताहरही आला, तोच. त्याला पुन्हा पळी हवी होती. पळी मिळणार नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, मग हातात काय धरणार? मामांनी तरव्याची एक जुडी माझ्या हातात दिली.

रविवारी फोटो आला. 'सांबारवाली बाई शेतातही रमली'. मी पेपर चुरगाळून फेकला. तो मथळा मी अजून माफ केलेला नाही.

मामांनी मात्र त्यांच्याकडच्या पेपरातला फोटो कापून देवघराशेजारी डकवलाय. मी चिडून विचारलं, हे कशाला ठेवलंत? त्यांनी चष्मा लावला, माझ्या चेहऱ्याच्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या मागं पाणी दिसतंय गे."