उघडा हौदा

ट्रकच्या हौद्यात सांडलेली डाळ विशाखाने आधी खराट्याने एका कोपऱ्यात लोटली, मग खाली बसून ती हाताने गोळा करू लागली. ट्रक नुकताच खाली झाला होता. नांदेडच्या नव्या मोंढ्यातले हमाल टपरीवर चहाला गेले होते. फळ्यांच्या फटींत हरभऱ्याची डाळ अडकली होती आणि ती नखाने काढावी लागत होती.

खाली मागच्या फाळक्याशी उभा असलेला ड्रायव्हर चंद्रप्पा म्हणाला, "ताई, ऱ्हाऊ द्या की. चिमण्या खातील."

"बाबा ठेवायचे का, मामा?"

तिचा बाप ग्यानोबा ठेवत नसे. ओंजळभर निघाली तरी ती ज्याची त्याच्या पायरीवर नेऊन ठेवायची, मगच फाळका लावायचा, ही त्याची रीत होती. चंद्रप्पाने त्याच्याबरोबर इतकी वर्षं गाडी चालवली होती की ही रीत त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. विशाखाने डाळ दुकानाच्या पायरीवरच्या सुपात टाकली आणि ओढणीने हात पुसले.

समोरच शिवकुमारशेटचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. रस्त्याच्या कडेने गाड्या नंबर लावून उभ्या होत्या. कुणी गाडीखाली झोपलेला, कुणी बादलीत कपडे धूत बसलेला. शिवकुमारशेट पायरी उतरून आले.

"परत जायला माल हाय बरं का, विशाखाताई. बारदाना, रिकामी पोती. तीन दुकानांतून उचलायचा, लातूरला टाकायचा."

"भाडं?"

"डिझेल निघतंय. रिकामं जाण्यापेक्षा बरं न्हाई का?"

"बघते."

ते लगेच हलले नाहीत. चाकावर हात ठेवून म्हणाले, "पार्वतीवहिनींशी माझं बोलणं झालंय. गाडीला मी चांगला भाव देईन, ग्यानोबाभौची गाडी हाय म्हणून जास्तच देईन. तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीतलं माणूस. ह्या धुळीत कामून हाल करून घेऊन राहिल्या?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं.

"अन् भौंचंच बघा ना," ते हळू आवाजात म्हणाले, "माल ठरलेला न्हाई, काही न्हाई. रिकामी गाडी घेऊन इथूनच उदगीरच्या रस्त्याला निघाले. कशासाठी गेले, सांगा बरं?"

दिवाळीनंतर बाबा गेले तेव्हापासून हे वाक्य विशाखाने कितीतरी तोंडांतून ऐकलं होतं. दारात बसायला आलेले लोक चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता तेच म्हणत. रिकामा गेला बिचारा. आईने ते कधी उच्चारलं नाही; पण गाडी विकायचं तिनेच काढलं. विशाखा नको म्हणाली, तेव्हा आई बराच वेळ भाकरीचं पीठ मळत राहिली आणि म्हणाली होती, "ही एक खेप तू जाऊन बघ. जमलं न्हाई तर शिवकुमारशेटला देऊन टाकू. मला दारात नको ती."

शिवकुमारशेट परत वर गेले. विशाखा केबिनच्या सावलीत गेली आणि तिने उदगीरला ईश्वरप्पांच्या डाळमिलमध्ये फोन लावला. मुनीमाने उचलला.

"माल हाय की. या."

माल हाय, हे सगळेच म्हणतात. गाडी दारात आली की मग तूर अजून भरडतेय म्हणून दोन दोन दिवस बसवून ठेवतात. विशाखाने विचारलं, "पोती शिवून झाली का?"

"हां, ते चालूच हाय..."

तिने फोन कानाशी घट्ट धरला. मुनीमाच्या बोलण्यामागून तो आवाज येत होता. पोत्याचं तोंड शिवणाऱ्या मशीनची धावती कटकट. जरा थांबायची, पोतं बदललं की पुन्हा सुरू व्हायची. घरी बाबा हा फोन नेहमी स्पीकरवर लावत. ती कटकट ऐकू आली की ते आईकडे बघत आणि आई काही न विचारता चुलीकडे वळे. शिदोरी बांधायची असे.

"कुठला माल?"

"सोलापूर. आजच भरायचा हाय. जी गाडी आधी येईल तिला."

"आम्ही निघतो. ईश्वरप्पाअण्णांना सांगा, ग्यानोबांची गाडी."

फोनच्या त्या टोकाला मुनीमाने ते नाव पुन्हा म्हटलं. "सांगतो," म्हणाला.

चंद्रप्पाने हे सगळं ऐकलं होतं. तो उदगीरच्याच बाजूचा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, कानाशी पिकलेले केस. त्याने बिडी न पेटवताच परत खिशात घातली.

"बारदाना घ्या, ताई. पहिलीच खेप हाय तुमची. डिझेल तरी निघतंय."

"बारदाना भरायला आजचा दिवस जाईल, मामा. लातूरला उतरवायला उद्याचा. मग तिथल्या रांगेत नंबर लावून बसायचं. उदगीरला रिकामं गेलो तर सोलापूरपर्यंत भरून जातो, अन् सोलापूरहून लातूरला माल मिळतोच. एकदा रिकामं, दोनदा भरून."

"हिशोब बराबर हाय," चंद्रप्पा जमिनीकडे बघत म्हणाला. "रस्ता तोच हाय."

"माहीत आहे मला."

विशाखा शिवकुमारशेटना नाही सांगायला गेली. नंबरात उभ्या असलेल्या दोघातिघांनी माना वर करून बघितलं. शिवकुमारशेट नुसते हसले आणि म्हणाले, "बापावर गेल्या." ते कौतुक होतं की नव्हतं, हे तिला ठरवता आलं नाही. तिने ते कौतुक म्हणून घेतलं.

परत आली तेव्हा चंद्रप्पा हौद्यावर चढला होता. रिकाम्या हौद्यावर त्याने ताडपत्री ताणून घातली होती आणि दोरीच्या गाठी आवळत होता. मध्ये कमानीसारखा बांबू घालून त्याने ती फुगवलीही होती. लांबून बघणाऱ्याला गाडी भरलेली वाटली असती.

"हे काय, मामा?"

"ह्या रस्त्याला समदे गाडी वळखतेत. ग्यानोबाभौची पोरगी पहिल्याच खेपेला रिकामी चालली म्हणतील. कुणाला काय कळतंय आत काय हाय ते."

विशाखाचा हात फाळक्याच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

बाबा गेले तेव्हाही त्याने असंच केलं होतं. बाबांना ॲम्ब्युलन्सने आणलं, आणि माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी चंद्रप्पा गाडी घेऊन दारात आला. चारी बाजूंनी ताडपत्री आवळून बांधलेली. आईला वाटलं, कुणाचा तरी माल आत अडकलाय. ज्याचा आहे त्याला पोचवा, म्हणत ती स्वतः उठून गाठी सोडायला लागली. शेवटची गाठ सुटली, ताडपत्री सरकली, आणि आत उन्हाशिवाय काही नव्हतं. आई तिथेच चाकाला टेकून खाली बसली होती.

"सोडा ती," विशाखा म्हणाली.

"ताई, मी तुमच्यासाठी..."

"मला माहीत आहे कुणासाठी. सोडा, मामा. बाबांनी कधी रिकाम्या गाडीवर ताडपत्री घातली का?"

"न्हाई घातली," चंद्रप्पा वरूनच म्हणाला. "रिकामी हाय तर रिकामी दिसू दे म्हणायचे. लपवून ठिवली तर माल कोण देणार."

"मग?"

त्याने एक एक गाठ सोडली. विशाखाने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ताडपत्रीची घडी घातली, ती केबिनच्या मागे ठेवून बांधली, आणि गाडी उघड्या हौद्याने नांदेडबाहेर पडली.

रिकाम्या गाडीचा आवाज फार. भरलेली गाडी रस्ता दाबून चालते. रिकामी प्रत्येक खड्डा बोलून दाखवते. साखळ्या, फाळका, जॅक, पाण्याचा कॅन, सगळं वाजत होतं. नरसी मागे पडलं. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची रानं आणि कापून ठेवलेली तूर. केबिनमध्ये आरशाखाली लावलेल्या बुद्धाच्या लहानशा मूर्तीला बाबांनी रबरी बूच चिकटवून ठेवलं होतं, ती काही हलली नाही.

मुखेडला चहाला थांबले. तिथे रेवणसिद्ध नावाचा एक ड्रायव्हर उसाच्या रिकाम्या ट्रॉलीला टेकून उभा होता. चंद्रप्पाच्या ओळखीचा.

"काय चंद्रप्पा, काय भरलंय आज?" त्याने मान उंच करून हौद्यात बघितलं. "हवा का?"

चंद्रप्पा बशीत बघायला लागला. उत्तर विशाखाने दिलं.

"हाव, हवाच. नांदेडची हाय. उदगीरला लई मागणी हाय म्हणले."

टपरीवाली बाई पदर तोंडाला लावून हसली. रेवणसिद्धही हसला, मग त्याने नीट बघितलं तिच्याकडे, आणि गाडीच्या कपाळावरच्या निळ्या अक्षरांकडे.

"ग्यानोबाभौच्या तुम्ही?"

"मुलगी."

"यांचा चहा माझ्याकडं," तो टपरीवालीला म्हणाला आणि ट्रॉलीकडे निघून गेला.

जांबच्या अलीकडे चंद्रप्पाने न सांगता गाडी हळू केली. रस्त्याच्या डाव्या अंगाला एक लिंब होता. त्याखाली काही नव्हतं. एक शेळी पाला ओरबाडत होती. चंद्रप्पाने एकदा हॉर्न दिला, लांब, आणि हात परत स्टेअरिंगवर ठेवला.

"मी शेजारी डुलक्या घेत होतो. गाडी थांबली म्हणून जागा झालो," तो म्हणाला. "हँडब्रेक ओढलेला. इंडिकेटर चालू. मागनं येणाऱ्यानं धडकू न्हाई म्हणून. तसल्या वक्तालासुद्धा."

विशाखाला हे माहीत होतं. त्याने ते तिला आधी दोनदा सांगितलं होतं. तिने पुन्हा ऐकून घेतलं. छातीत कळ आलेली असताना एका माणसाने एवढी मोठी गाडी रस्त्यावरून कडेला घेतली होती, कुणालाही धक्का न लावता. ती ताठ बसली.

"त्या दिवशी कुणाशी बोलून निघाले होते, मामा?"

"मला न्हाई सांगितलं. मी टायर बघत होतो. आले अन् म्हणले, चल."

उदगीरला पोचले तेव्हा उन्हं अजून वर होती. मिलच्या गल्लीच्या तोंडाशीच हमाल बसले होते. गाडी वळताना त्यांतला एक म्हातारा उठून उभा राहिला. त्याने नंबर वाचला नाही, ड्रायव्हर बघितला नाही. उघडा हौदा बघितला आणि आत तोंड करून ओरडला, "ग्यानोबाची गाडी आली रे!"

बाकीचे डोक्याला फडकी बांधत उठले.

ईश्वरप्पा ओट्यावर आले. पांढरं धोतर, गळ्यात इष्टलिंग ठेवायची चांदीची करडी, वयाने वाकलेले. विशाखा खाली उतरून पाया पडायला वाकली तर त्यांनी मध्येच तिचे हात धरले.

"यव्वा, पोरी, असाच यायचा तो. उघडा." त्यांनी हौद्याकडे बघितलं. "बाकीचे येतेत झाकून, अन् मग हळूच सांगतेत रिकामी हाय म्हणून."

आत मशीन चालू होतं. कटकट, थांबा, कटकट. पोती शिवून एकावर एक रचली जात होती. हमालांनी फाळका पाडला आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं.

"अण्णा," विशाखा म्हणाली, "दिवाळीनंतर, त्या दिवशी... बाबांचा तुम्हाला फोन आला होता का?"

खांबाला हात लावून ईश्वरप्पा ओट्याच्या कडेवर बसले.

"आला होता. माल हाय म्हणलो तर म्हणला, तुमचं न्हाई ऐकत अण्णा, मशीनचं ऐकवा." ते जरासे हसले. "मग मशीनजवळ नेला फोन. म्हणला, निघालो. हैदराबादचा माल होता. पोती दारात काढून ठेवली होती. सांजच्याला दुसऱ्या दोन गाड्या आल्या, त्यांना न्हाई म्हणलो. ग्यानोबा निघालोय म्हणला म्हणजे येतो. रात्री कळलं."

"आम्हाला वाटलं..." विशाखाने वाक्य तिथेच सोडलं.

"आलो होतो की मी तुमच्या दारात. पण बसायला गेलेल्या माणसानं मालाची गोष्ट कशी काढावी?" ते म्हणाले. "थोडे दिवस तशीच राहू दिली ती पोती. पोरं म्हणत होती, अण्णा, वाट अडून राहिली."

विशाखा दारातल्या त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. आता तिथून हमाल ये-जा करत होते. हौदा एकेका पोत्याने खाली दबत चालला होता. चंद्रप्पा वर उभा राहून थर बघत होता. त्याने ओट्यावरचं सगळं ऐकलं होतं. पाठ फिरवून तो उगाचच एक पोतं सरळ करू लागला, जे आधीच सरळ होतं.

फोन वाजला. आई होती.

"कुठं हाय? नांदेडातच हाय का? शिवकुमारशेटचा फोन आला होता मला. म्हणले, बारदाना सोडून गेली."

"उदगीरला आहे."

"रिकामी गेलीस?"

"हो."

आई गप्प झाली. विशाखाला त्या गप्पपणातलं वाक्य ऐकू आलं, जे आईने कधी उच्चारलं नव्हतं. बोलायला खूप होतं आणि ती पुस्तकांत वाढलेली होती, शब्दांची तिला वानवा नव्हती. ती फोन हातात धरून आत गेली, शिवणाऱ्या माणसाला मानेने विचारलं आणि फोन मशीनजवळ नेला.

कटकट. पोतं बदललं. कटकट.

तिने बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. मग कानाला लावला. पलीकडे आई होती, श्वास ऐकू येत होता.

"अण्णांच्या मिलचं हाय," आई म्हणाली.

"त्या दिवशीही चालू होतं, आई. बाबांनी ऐकलं होतं. पोती काढून ठेवली होती त्यांच्यासाठी."

घरात कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. हमाल मोठ्याने हाळी देत शेवटची रास उचलत होते. चंद्रप्पाने केबिनमागून ताडपत्री काढली आणि ती आता भरलेल्या हौद्यावर उलगडली.

"भाकरी खाल्ली का?" आईने विचारलं.

"अजून नाही."

"चंद्रप्पाला म्हणावं, औशाच्या अलीकडं खड्डे लई झालेत, हळू घे." मग रोजच्यासारखं, बाबांना विचारायची तसं, तिने विचारलं, "अन् सोलापूरहून पुढं कुठं?"